वऱ्हाड परत

"आलं वऱ्हाड परत!" असं म्हणून ते चष्मा कपाळावर चढवायचे, की आम्ही समजायचो, आज चहा गारच प्यायचा आहे.

लातूरच्या ज्या क्लासमध्ये मी चौकशीच्या खिडकीत बसायचे, तिथले हे ऑपरेटर. तुम्ही म्हणाल, वऱ्हाडाचा आणि कॉम्प्युटरचा काय संबंध? सांगते. परीक्षेचे अर्ज आम्ही एकेक पाठवत नव्हतो. अख्ख्या बॅचचा एकच गठ्ठा सर्व्हरकडे जायचा. त्यातला एक जरी अर्ज त्याला खटकला तरी तो सगळा गठ्ठा परत फेकायचा. आणि कुणाचा खटकला हे सांगेल तर शपथ! नुसतं लाल अक्षरांत 'गठ्ठा नामंजूर'.

"एक मामा रुसला की सगळं वऱ्हाड माघारी. हाय का न्याय?" ते विचारायचे. मग मामा हुडकायची त्यांची रीत सुरू व्हायची. गठ्ठा अर्धा करायचा, अर्धा पाठवायचा. गेला, तर मामा उरलेल्यात. त्याचं पुन्हा अर्धं.

त्या वर्षी शेवटच्या दिवशीच गठ्ठा परत आला. पाचला साइट बंद होणार, अर्ज गेला नाही तर पोरांचं वर्ष बुडणार. हेल्पलाइनवाला म्हणाला, पुन्हा प्रयत्न करा.

"ह्यो बाबा दरसाल हेच म्हणतो," म्हणत यांनी फोन माझ्या हातात कोंबला आणि सगळ्या बॅचला कागदपत्रांसकट अंगणात बोलावलं. अर्धी पोरं लिंबाखाली, अर्धी सायकल स्टँडजवळ.

"लिंबवाले गेले! जावा घरी, अभ्यास करा. मामा सायकलींत हाय."

मग सायकलवाल्यांची पुन्हा वाटणी. फाटकाबाहेरचे पालक टाळ्या पिटत होते. क्लासचे मालक, आमचे सर, घामाघूम होऊन येरझाऱ्या घालत होते. यांना मात्र भलताच चेव आला होता. उरलेल्या प्रत्येकाला चिडवत होते, "मामा, मानपान काय पाहिजे बोला की!"

पाच वाजत आले तेव्हा अंगणात एकच पोरगी उरली. यांचीच.

"माझ्या हातानं भरलाय अर्ज. चूक न्हाईच," ते म्हणाले.

मी पडद्यावर पाहिलं. "अहो, गावाचं नाव. सर्व्हरच्या यादीत त्याच्यापुढं 'पुनर्वसन' आहे."

"आमच्या गावाला शेपूट न्हाई."

भूकंपात त्यांचं गाव झोपलं त्या जागीच गाडलं गेलं, त्यात त्यांची आई गेली. सरकारनं पलीकडच्या माळावर नवं गाव वसवलं. हे तिथंच राहायचे, पण तो शब्द मात्र तोंडातून निघायचा नाही. आम्हाला सगळ्यांना हे ठाऊक होतं. तरी सर ओरडले, "अहो, वेळ बघा!" पण यांचे हात मांडीवरून हलेनात. मला इतका राग आला त्यांचा, आणि तितकीच कीवही.

तेवढ्यात पोरगी खिडकीशी आली.

"पप्पा, मी तर शेपटातच जन्मले की."

त्यांनी कीबोर्ड पुढं ओढला. एरवी न बघता धडाधडा टाइप करणारा माणूस, पण तो शब्द त्यांनी एका बोटानं, एकेक अक्षर शोधत लिहिला. अर्ज गेला. सरांनी पेढे मागवले, हे तोंड धुवायला गेले ते बराच वेळ आलेच नाहीत.

पुढं त्यांनी नांदेडचा एक क्लास धरला आणि आमचं अंगण मुकं झालं. गठ्ठे आताही परत येतात, पण मामाला कुणी मानपान विचारत नाही.

काही वर्षांनी त्याच पोरीच्या लग्नाची पत्रिका आली. गावाचं नाव बिनशेपटाचं. पत्रिकेला कुठला आलाय सर्व्हर!

आम्ही सगळा स्टाफ एका जीपमध्ये कोंबून निघालो. ड्रायव्हर धर्माबादकडचा, हा भाग त्याला नवा; त्यानं पत्रिकेतलं नाव मोबाइलमध्ये टाकलं आणि आम्हाला थेट जुन्या गावात नेऊन उभं केलं. ना मांडव, ना माणूस. नुसत्या बाभळी आणि घरांची जोती.

"आलं वऱ्हाड परत," मी कपाळाला हात लावला.

तेवढ्यात एका जोत्यावरून फेटा बांधलेला माणूस उठला. तेच! समोर दगडावर पत्रिका आणि चिमूटभर अक्षता.

"आईला बोलवाय आलतो," ते म्हणाले. "तुम्ही हिकडं कसं काय?"

"पत्रिकेत हेच गाव आहे की हो!"

ते हसले, फेट्याच्या टोकानं डोळे पुसत लई हसले. मग जोत्याला हात लावून नमस्कार केला, जीपमध्ये ड्रायव्हरशेजारी बसले आणि म्हणाले, "घे बाबा गाडी. पुनर्वसनात."