नकाशात नसलेली वाट

लातुरात महेबूबभाईंना 'किनवटवाले' म्हणतात. या शहरात येऊन त्यांना पन्नास वर्षं झाली. त्यांनी बांधलेल्या इमारतींमधून आज काही हजार माणसं राहतात. तरीही बाजारात कुणी विचारलं की उत्तर ठरलेलं, "ते होय? ते किनवटकडचे बिल्डर." आणि वर्षातून दोनदा ते किनवट तालुक्यातल्या आपल्या इस्लापूरला जात, तेव्हा गाडीचं दार उघडायच्या आत कुणीतरी हाळी देई, "लातूरचे सेठ आले रे, खुर्ची आणा!"

त्यांच्या पत्नी रईसाबी अस्सल लातूरच्या. त्यांना या गोष्टीचं भारी हसू येई. "लातूरवाले किनवटका बोलते, उधरवाले लातूरका. तुमारा गाव है कौनसा जी?"

महेबूबभाई हसण्यावारी नेत. पण प्रश्न जिव्हारी लागे.

इस्लापुरात त्यांचे वडील गवंडी होते. ते दम्यानं गेले तेव्हा महेबूब पंधरा वर्षांचा. घरात खाणारी दोन तोंडं आणि गावात कामाचा पत्ता नाही. शेवटी आईनं लातूरच्या एका लांबच्या नातेवाइकाकडं त्याला धाडायचं ठरवलं. उजाडायच्या आत दोघं निघाले. गल्लीच्या मागून एक पायवाट एसटीच्या थांब्याकडं जायची. वाटेत मोठी चिंच होती. आई चिंचेपर्यंत आली, वडलांचा गवंडीकामाचा ओळंबा त्याच्या पिशवीत टाकला आणि म्हणाली, "जा आता. अन् मागं वळून बघू नको. वळून बघणाऱ्याचं काम होत न्हाई."

महेबूब वळला नाही. चार वर्षांनी आई गेल्याची चिठ्ठी लातुरात पोचली तेव्हा मातीला तीन दिवस उलटले होते.

पुढचं काम मात्र झालं, आई म्हणाली होती तसं. विटा वाहणारा महेबूब मिस्त्री झाला, मिस्त्रीचा ठेकेदार झाला. भूकंपानंतर गावंच्या गावं नव्यानं उभी राहत होती, तेव्हा त्यानं दोन वर्षं धड अंथरुणाला पाठ टेकली नाही. मग प्लॉटिंग, मग अपार्टमेंट. या धंद्यात त्यांचा एक नियम होता आणि तो त्यांनी मुलालाही शिकवला होता. जमीन घेतली की आधी मोजणी करायची, हद्दीचे दगड रोवायचे आणि त्याच आठवड्यात कंपाउंड ओढायचं. उद्या कुणी येऊन म्हणालं, 'इथून आमची वाट होती,' तर त्याला नकाशा दाखवायचा. नकाशात नाही ती वाट नाही.

साठी झाली तशी त्यांनी धंद्याची सूत्रं मुलाच्या, मुनीबच्या, हातात दिली आणि स्वतः देण्याच्या कामाला लागले. नांदेडला रुग्णांच्या नातेवाइकांसाठी मुक्कामाची जागा बांधली. लातुरात क्लाससाठी येणाऱ्या खेड्यांतल्या मुलांसाठी अभ्यासिका काढली. दोन्हीकडं हार मिळाले, शाली मिळाल्या. पण मनात होतं ते इस्लापूर. आसपासच्या वाड्या-तांड्यांवरच्या मुली दहावीला शाळा सोडतात, कारण रोजचं येणं-जाणं जमत नाही. त्यांच्यासाठी वसतिगृह बांधायचं. गल्लीच्या मागची वीस गुंठे जागा मिळाली. मुनीबनं इंजिनिअर पाठवला, मोजणी झाली आणि शिरस्त्याप्रमाणं त्याच आठवड्यात कंपाउंड उभं राहिलं.

बांधकामाच्या निमित्तानं महेबूबभाई महिन्या-दोन महिन्यांनी जाऊ लागले. वाटलं होतं, आता तरी गाव आपलं होईल. पण झालं उलटंच. पूर्वी साधी खुर्ची येई, आता तिच्यावर टॉवेल अंथरलेला असे. पाण्याची सीलबंद बाटली येई, बशीत काजू येत. गल्लीतली माणसं हात बांधून उभी राहत. त्यांना वाटे, कुणीतरी म्हणावं, 'मब्या, सरक तिकडं, बसू दे मला.' पण मब्या म्हणणारं गावात कुणी उरलंय की नाही, हेच कळेना.

एकदा त्यांनी विचारलं, "इथं एक चिंच होती ना?"

"व्हती की, सेठजी." सिद्धराम म्हणाला. हा एसटीतून निवृत्त झालेला कंडक्टर वसतिगृहाच्या समितीचा प्रमुख होता. "म्हातारी झाली व्हती. पडली एका वाऱ्या-वावधानात."

"नेमकी कुठं होती?"

सिद्धरामनं इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं. "अशी हिकडंच कुठंतरी. चहा गार होऊन राहिला, सेठजी."

गेल्या जूनमध्ये उद्घाटनाला दोन दिवस असताना महेबूबभाई एकटेच इस्लापूरला मुक्कामाला आले. सकाळी इमारतीभोवती फेरी मारताना मागच्या भिंतीपाशी ते थांबले. भिंतीच्या आत पायऱ्यांसारखे दगड रचलेले होते. टाचा उंचावून पलीकडं पाहिलं, तर तिकडंही तसेच. वरच्या विटा पाय घासून गुळगुळीत झाल्या होत्या.

"हे काय, सिद्धराम?"

"पोरं हो. खेळतेत, उड्या मारतेत."

तेवढ्यात भिंतीपलीकडून आवाज आला, "पोरं न्हाईत! मी मारून राहिले उड्या! अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी!"

सिद्धरामचा चेहरा पडला. "गंगम्मा, आत जा की. पाहुणे हायेत."

"कोण पाव्हणा? ओरेय मब्या, तूच हाईस ना तिकडं?"

महेबूबभाई भिंतीच्या आणखी जवळ सरकले. गंगम्मा ही त्यांची जुनी शेजारीण. तिचं माहेर तेलंगणातलं, त्यामुळं तिचं प्रत्येक बोलणं 'ओरेय'नं सुरू होई. ती थोरल्या मुलाकडं आदिलाबादला असते, एवढंच त्यांना कुणीतरी सांगितलं होतं.

"हाव, गंगम्मा. मीच."

"मग भिंत कुणी बांधली? तूच ना? ह्या गल्लीच्या बायका दवाखान्याला कुठून जातेत, स्टँडला कुठून जातेत, इचारलंस का कुणाला? मी चार म्हयन्यांनी घरी आले तर दारातली वाटच गायब! समदा मोठ्या रोडनं वळसा. तुझा बाप असता तर थापीनं हाणला असता तुला."

महेबूबभाई सिद्धरामकडं वळले. "इथून वाट होती? मग पाया खोदताना बोलला का नाहीत?"

सिद्धराम खाली पाहत म्हणाला, "कसं बोलावं, सेठजी? तुम्ही एवढं गावासाठी करून राहिले. पाव्हण्यानं आणलेल्या मिठाईत खडा लागला तर माणूस गिळतो, थुकत न्हाई."

"मी पाहुणा?"

भिंतीपलीकडून उत्तर आलं. "मग काय घरचा हाईस? घरचा असतास तर वाट इसरला असतास? ह्याच वाटेनं गेलास ना तू?"

महेबूबभाईंनी भिंतीला हात लावला. गुडघे कुरकुरत होते, तरी ते त्या रचलेल्या दगडांवरून चढले आणि सिद्धराम 'अहो, अहो' करीत असताना पलीकडं उतरले. समोर गंगम्मा, काठी टेकून, कमरेत वाकलेली. तिनं त्यांना आपादमस्तक न्याहाळलं.

"लई पांढरा झालास रे."

"चिंच कुठं होती, गंगम्मा?"

तिनं काठीनं भिंतीच्या आत खूण केली. तिथं कोपऱ्यात मुनीबनं हौसेनं चौथरा बांधून घेतला होता आणि त्यावर काळा दगड बसवला होता. दगडावर सोनेरी अक्षरांत महेबूबभाईंचं नाव होतं. उद्घाटनाला पडदा त्यावरूनच सरकवायचा होता.

"त्या काळ्या दगडाखाली," गंगम्मा म्हणाली.

महेबूबभाईंनी तिथूनच मुनीबला फोन लावला. मागची भिंत नऊ फूट आत घ्यायची, चौथरा काढायचा, हे ऐकून तो गडबडला.

"अब्बा, परसों मेहमान आ रहे! और नकाशे में रस्ता हैच नै. मैं खुद देखा."

"हौ बेटा. मैं भी वहीच देखा था."

"लडकियां रहनेवाली हैं. दीवार तो होनाच ना?"

"दीवार रहेगी. वाट के अंदर से रहेगी. मिस्त्री भेज."

दुपारपर्यंत गल्लीतलीच माणसं पहारी घेऊन आली. भिंत पडायला लागली तशी त्यांची जीभही सैल झाली. एक म्हातारा म्हणाला, "सेठ, तिकडं पाणी साचतंय बघा, उंची चुकली तुमची." दुसरा म्हणाला, "आन् नळ उलट्या तोंडाला लावलाय." महेबूबभाई सगळं ऐकून घेत होते. त्या दिवशी कुणी खुर्ची आणली नाही. आणायचं कुणाच्या ध्यानातच आलं नाही. गंगम्मानं तांब्या पुढं केला. "घे. अन् माठ भरून ठेव, तुझ्याच कामापायी रिकामा झालाय."

चौथरा निघाला. खाली काळसर मातीत एक कुजकं मूळ सापडलं, मनगटाएवढं. मजूर ते फेकणार होता. महेबूबभाईंनी त्याला थांबवलं.

"अम्मी इथंच उभी होती?"

"हिथंच. असं तोंड करून." गंगम्मानं त्यांच्या खांद्याला धरून त्यांना वळवलं, लहान पोराला वळवावं तसं.

पन्नास वर्षांत पहिल्यांदा महेबूबभाई त्या जागेवर उभे राहून थांब्याच्या दिशेनं पाहत होते. वाट सरळ जात होती, मग एका जुन्या विहिरीपाशी डावीकडं वळत होती. जाणारा माणूस तिथवर दिसला असता. पिशवी हातात, मान ताठ, मागं न वळणारा.

"मी विहिरीशी वळल्यावर ती घरी गेली असेल," ते म्हणाले.

"कुठली जाते!" गंगम्मा म्हणाली. "तू दिसंनासा झालास तरी उभीच. ऊन आलं, लोक रानात निघाले, तरी उभी. म्हनायची, आता वळंल, येकदा तरी वळंल. मी हाताला धरून आणली तिला. तव्यावरची भाकरी करपली माझी."

"तिनंच सांगितलं होतं, वळू नको म्हणून."

"सांगणारच की, आई हाय."

विहिरीकडून शाळेच्या दोन मुली येत होत्या. नुकतीच मोकळी झालेली वाट पाहून त्या थबकल्या, आणि मग महेबूबभाईंच्या बाजूनं, त्यांना ओळखही न देता, गल्लीत निघून गेल्या. ते विहिरीकडं पाहतच राहिले. ऊन कललं तेव्हा गंगम्मानं त्यांच्या हाताला धरलं.

"चल आता. भाकरी टाकलीय."