आतोबांचा डावा पाय

माणूस ओळखायचा तर त्याला चढावर गिअर बदलताना ऐकावं, त्याची पदवी, पत्रिका आणि पगडी मागाहून पाहावी, असं माझे आतोबा म्हणत. आणि नुसतं म्हणत नसत, तर या एकाच कसोटीवर त्यांनी जन्मभर माणसं जोडली, तोडली, घरचा डॉक्टर बदलला आणि जावईसुद्धा निवडला. त्यांचा निर्णय कधी चुकला असं मला तरी आठवत नाही. एकदाच चुकला, आणि तीच गोष्ट सांगण्यासारखी आहे.

आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. सरकारी रस्त्यांवर ओव्हरसियर म्हणून उभी हयात काढून ते लोणावळ्यात स्थायिक झाले होते. मुंबई-पुणे रस्त्याला लागून, थोड्या चढावर, त्यांचं कौलारू घर होतं. दुसरं महायुद्ध संपता संपता मला लोणावळा स्टेशनात बुकिंगची नोकरी लागली आणि मी आत्याकडे राहायला आलो. त्या काळच्या मोटारींचा गिअर म्हणजे फार मानी प्राणी होता. डाव्या पायानं क्लच दाबायचा, दांडा मधे आणायचा, क्लच सोडून इंजिनाला नेमका हवा तेवढा घोट पाजायचा, पुन्हा क्लच दाबायचा आणि मग दांडा अलगद खाली सारायचा. यात पापणी लवण्याइतकी चूक झाली, तरी आतून असा कर्कश आवाज येई की रस्त्याकडेच्या म्हशी चरायचं सोडून वर बघत. आमच्या घरासमोरच्या चढावर प्रत्येक मोटारीला हे सोपस्कार करावेच लागत. आतोबांनी घरासाठी ती जागा पाणी बघून घेतली की हवा बघून, असं कुणी विचारलं तर आत्या सांगे, "आवाज बघून."

सकाळचा चहा झाला की ते ओसरीवरच्या खुर्चीत डोळे मिटून बसत आणि खंडाळ्याकडून येणाऱ्या मोटारी ऐकत. "हा नवा आहे." "हा घरात भांडून निघालाय." "ही मोटार दुसऱ्याची दिसते, स्वतःची कुणी इतक्या निर्दयपणे हाणत नाही." एकदा एक मालमोटार वर चढून गेली आणि आतोबा ताडकन उठून उभे राहिले. त्या ड्रायव्हरला झोप येतेय, त्याला गाठ आणि चहा पाज, असं म्हणून त्यांनी मला सायकलवर पिटाळलं. मी मनात चरफडत गेलो. मालमोटार बाजाराच्या अलीकडेच उभी होती आणि ड्रायव्हर चाकावर डोकं टेकून घोरत होता. मी त्याला उठवून चहा पाजला, तर चहा पाजणारा हा कोण म्हणून तो माझ्याकडेच संशयानं पाहू लागला.

त्यांची स्वतःची मोटार म्हणजे कापडी छपराची, उंच चाकांची एक वयस्क बाई होती. कुणा इंजिनियर साहेबानं विलायतेला परतताना ती त्यांच्या हवाली केली होती. ती चालवताना आतोबांच्या उजव्या पायात वहाण असे आणि डावा पाय अनवाणी. क्लच कुठं धरतो आणि कुठं सोडतो ते तळव्याला कळलं पाहिजे. मध्ये कातडं आलं की संभाषण तुटतं, असं त्यांचं मत होतं. याचा परिणाम असा झाला, की उजवी वहाण झिजून जाई आणि डावी कोरी करकरीत राही. अशा डाव्या वहाणा त्यांनी माळ्यावर रचून ठेवल्या होत्या. दिवाळीच्या साफसफाईत आत्या दरवर्षी त्यांचं काय करायचं ते विचारी, आणि दरवर्षी आतोबा, टाकण्यासारखं त्यांत काय झालंय, असा उलट सवाल करत.

माझ्या आतेबहिणीला बघायला पुण्याहून एक मुलगा स्वतः मोटार हाकीत आला. शिकलेला, देखणा, घरंदाज. समोरच्या चढावर त्यानं गिअर टाकला तो आवाज आत स्वयंपाकघरात पोह्यांना फोडणी देणाऱ्या आत्यानंही ऐकला. आतोबांनी पोहे दिले, आदरानं चौकशी केली, आणि पाहुणे निघून गेल्यावर म्हणाले, "ज्याला गिअरचे दात सांभाळता येत नाहीत, तो पोरीचं मन काय सांभाळणार?" आत्या दोन दिवस बोलली नाही. पुढं तळेगावचा एक मास्तर टांग्यातून आला. चढ लागण्याआधीच तो घोड्याचा भार हलका करायला खाली उतरला आणि टांग्यामागून चालत वर आला. त्याला मोटारीतलं ओ की ठो कळत नव्हतं. आतोबांनी ओसरीवरूनच होकार देऊन टाकला. "ह्याला चढ आधी दिसतो," एवढंच त्यांनी आत्याला सांगितलं. तो संसार फार सुखाचा झाला, हे मी जवळून पाहिलेलं आहे.

त्यांच्याकडे मोटार शिकायला माणसं येत. पहिले कित्येक दिवस ते शिष्याला चाकाला हात लावू देत नसत. मांडीवर ताकाचा तांब्या देऊन शेजारी बसवत आणि खंडाळ्यापर्यंत फिरवून आणत. कुठं गिअर बदलणार ते शिष्यानं आधी सांगायचं. चुकलं तर धोतर भिजे. या परीक्षेत तळेगावचे एक वकील धोतरासकट कायमचे पळाले. उत्तम उतरले ते दोघंच. एक इस्माईल. त्याच्या वडिलांचं बाजारात सायकलींचं दुकान होतं, आणि पुढं तो खंडाळ्यात एका शेठजींच्या बंगल्यावर ड्रायव्हर झाला. आतोबा त्याच्या हाताचं कौतुक पोटच्या पोरासारखं करत. आणि दुसरी म्हणजे आत्या. नऊवारीचा काचा घट्ट मारून ती भर बाजारातून मोटार हाकीत असे. एकदा भुशीच्या वाटेवरल्या आडव्या वळणावर तिनं तिसऱ्यातून दुसरा गिअर असा घातला, की लोण्यातून सुरी जावी. आतोबांनी तिला मोटार थांबवायला लावली, खाली उतरले, आणि रस्त्यात उभं राहून आपल्या बायकोला हात जोडून नमस्कार केला. डोक्यावर हारे घेतलेल्या दोन बायका तिथं थबकल्या. आत्या लाजेनं लाल झाली, पण तो नमस्कार तिनं परत केला नाही, ठेवून घेतला.

पुढं इस्माईलच्या शेठजींनी अमेरिकेहून एक नवी मोटार आणवली. निळी, लांबलचक, नावेसारखी. तिचं चाक डाव्या बाजूला होतं, आणि तिला क्लचच नव्हता. खाली दोनच पट्ट्या, एक पळायची आणि एक थांबायची. गिअर ती आपल्या मनानं बदले. सगळं लोणावळं बघायला लोटलं. इस्माईल मोठ्या उमेदीनं ती मोटार आधी आतोबांच्या दारात घेऊन आला. आतोबांनी ओसरीत डोळे मिटून तिला चढ चढताना ऐकलं होतं, आणि त्यांना काहीच ऐकू आलं नव्हतं. ते बाहेर आले, वाकून पायाखालच्या पट्ट्या बघितल्या, तिथं डाव्या पायासाठी जागा कोणती ते शोधलं. मग जमलेल्या लोकांसमोर म्हणाले, "इस्माईल, तू आजपासून ड्रायव्हर राहिला नाहीस. चाक हातात दिलेला उतारू झालास."

लोक हसले. इस्माईलनं मान खाली घातली, दार हळू लावलं आणि तो निघून गेला. त्या दिवसापासून त्यानं आमच्या घरी पाऊल टाकलं नाही. ईदच्या दिवशी तो दरवर्षी शिरखुर्मा घेऊन येई, त्या वर्षी दुकानातल्या नोकराबरोबर डबा आला. आतोबांनी तो खाल्ला, पण चव बिघडलीय म्हणाले. आत्यानं खाऊन पाहिला. चव अगदी नेहमीची होती.

त्याच वर्षी पावसाळ्यात आतोबा विहिरीच्या शेवाळलेल्या पायरीवरून घसरले आणि डाव्या गुडघ्याची वाटी फुटली. महिन्यांमागून महिने फळ्यांत बांधून ठेवलेला पाय सुटला तेव्हा तो काठीसारखा सरळ झाला होता. दुखत नव्हता, पण वाकतही नव्हता. डॉक्टरांनी सांगितलं की आता यात फरक पडायचा नाही. आतोबांनी ऐकून घेतलं आणि मोटारीत जाऊन बसले. क्लचपर्यंत पाय पोचत होता, पण दाबायला गुडघा मुडपला पाहिजे, तो मुडपत नव्हता. ते उतरून आत आले आणि हात-पाय धुऊन जेवायला बसले.

आत्या त्यांना फिरवून आणू लागली. आम्हाला वाटलं होतं, शेजारी बसून ते तिला सळो की पळो करून सोडतील. पण ते एक अक्षर बोलत नसत. तिनं एकदा त्यांची परीक्षा बघायला मुद्दाम गिअर खरडवला. तरी ते खिडकीबाहेरच बघत राहिले. ओसरीवर बसत, पण डोळे उघडे ठेवून. मोटारी जात-येत, आणि ते कुणाबद्दल काही म्हणत नसत. मोटारीची हौस गेली असती तर आत्यानं देवाला नारळ फोडला असता. पण हे हौस जाण्यातलं नव्हतं. एका सकाळी तिनं काचा मारला, मोटार काढली, आणि मी दाराशी येईपर्यंत ती खंडाळ्याच्या रस्त्याला लागलीसुद्धा. शेठजींच्या बंगल्यावर ती इस्माईलशी काय बोलली, हे तिनं मला कधी सांगितलं नाही.

पुढच्या रविवारी निळी मोटार दारात उभी राहिली. शेठजी मुंबईला होते आणि त्यांची परवानगी इस्माईलनं आधीच काढून ठेवली होती. तो ओसरीखाली उभा राहिला, आणि आतोबांनी नजर दुसरीकडे वळवली. मी असल्या गाडीत बसत नाही, असं ते म्हणाले. इस्माईलच्या आवाजात राग नव्हता.

"आबा, तुमी म्हणालता मी उतारू झालो. व्हय, झालो. आता तुमीबी एकदा उतारू हून बघा की. चाक तुमच्या हातात."

आतोबा आत्याकडे बघत राहिले. आत्यानं त्यांची काठी त्यांच्या हातात दिली आणि स्वतः मागच्या सीटवर जाऊन बसली. मी तिच्या शेजारी, आणि इस्माईल पुढं आतोबांच्या शेजारी. त्या मोटारीत पुढं एवढी ऐसपैस जागा होती, की आतोबांचा पाय सरळच्या सरळ मावला. मोटार निघाली. पहिल्याच चढाला सवयीनं त्यांचा डावा हात दांड्याच्या शोधात निघाला आणि दाराच्या काचेवर आपटला. आम्ही तिघांनीही आपापल्या बाजूच्या डोंगराकडे बघितलं. खंडाळा येईपर्यंत ते घुश्श्यात होते. मग त्यांच्या ध्यानात काहीतरी आलं. चढावर त्यांनी उजवा पाय जरासा उचलला, आणि मोटारीनं नेमका तिथंच गिअर बदलला. त्यांनी पुन्हा करून पाहिलं. पुन्हा तसंच. त्यांनी डोळे बारीक केले आणि तोंडातल्या तोंडात "अस्सं" म्हणाले.

घाटाच्या तोंडाशी त्यांनी मोटार थांबवली. उतारावर इंजिनानं गाडी धरून ठेवायची कशी, असं त्यांनी इस्माईलला विचारलं. आयुष्यात पहिल्यांदाच मी त्यांना मोटारीबद्दल कुणाला काही विचारताना पाहत होतो.

"चाकाखालचा हा दांडा ह्या खुणंवर वढून ठेवा," इस्माईल म्हणाला. "मग ती मोकळी सुटत न्हाई. मला हे कळायला लय दिवस गेले, आबा."

ते घाट उतरू लागले. एका वळणाच्या बरंच आधी त्यांनी वेग कमी केला, मोटार कडेला घेतली आणि जवळजवळ उभीच केली. समोर काहीच नव्हतं. मग वळणापलीकडून घुंगरं वाजली आणि गवतानं शिगोशीग भरलेली बैलगाडी वर आली. ती आमच्या इतक्या जवळून गेली, की गवताच्या चार काड्या आत्याच्या मांडीवर पडल्या. गाडीवान म्हणाला, "जाऊ द्या आबा, बैलं न्हाई बुजली." आतोबांनी त्याला हात केला, पण मोटार पुढं काढली नाही. चाकावर दोन्ही हात ठेवून ते समोर दरीत बघत होते.

"इस्माईल," ते म्हणाले, "पाय होता तोवर मला वाटायचं, गाडी पायानं चालते. मी तुला चार लोकांत बोललो, ते चुकीचं बोललो."

 इस्माईलनं मान वळवून बाहेर पाहिलं आणि उपरण्यानं उगाचच काच पुसली. मग म्हणाला, "म्होरं रस्ता मोकळाय, आबा."

त्यानंतर वर्ष-दीड वर्ष ती निळी मोटार अधूनमधून आमच्या दाराशी येत राहिली. आतोबा पुन्हा ओसरीवर डोळे मिटून बसू लागले आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांची लक्तरं पुन्हा वेशीवर टांगली जाऊ लागली. फक्त कसोटी थोडी बदलली होती. गिअरच्या आवाजापेक्षा, वळणाच्या आधी कोण मंदावतो आणि वळणात शिरल्यावर कोण घाबरतो, यावर ते माणसं पारखू लागले होते. पुढं शेठजींनी बंगला विकला, मोटार मुंबईला गेली, आणि तिच्याबरोबर इस्माईलही गेला. जाताना तो आतोबांच्या पाया पडला तेव्हा त्यांनी त्याला बराच वेळ उठू दिलं नाही; डोक्यावर हात ठेवून तसेच बसून राहिले.

आतोबांची मला आठवते ती शेवटची फेरी त्यांच्या जुन्या मोटारीतली. लेकीला भेटून आत्या त्यांना तळेगावहून घेऊन आली, तेव्हा उन्हं नुकती कलली होती. मी ओसरीवर होतो. मोटार चढ चढून आली, गिअर कधी बदलला ते कळलंसुद्धा नाही, आणि दाराशी थांबली. पण कुणी उतरेना, म्हणून मी पुढं झालो. आतोबा मान कलती करून गाढ झोपले होते. दुसऱ्याच्या हातात चाक असताना त्यांचा कधी डोळा लागल्याचं मी ऐकलंही नव्हतं. आत्यानं तोंडावर बोट ठेवून मला तिथंच थांबवलं. इंजिन बंद करून ती चाकावर हात ठेवून स्वस्थ बसली. मी आत जाऊन चहाचं आधण उतरवून ठेवलं. उन्हं ओसरीवरून उतरून अंगणात गेली, अंगणातून रस्त्यावर गेली, आणि ते आपण होऊन जागे होईपर्यंत आत्या तशीच बसून राहिली.