हात माझा होता

माझी बोटं प्रेसच्या डायमध्ये चेचली होती आणि साहेब वर उभा राहून सांगत होता, "ओरडू नको. नुसतं बघ. वेदना येते, वेदना जाते. हात माझा, हेच मुळात खोटं."

जीभ तुटू नये म्हणून शेजारच्या प्रेसवरच्या रत्नाक्कानं माझ्याच पदराचा बोळा माझ्या तोंडात दिला. मी तो थुंकून टाकला आणि पुन्हा ओरडले. मशीनवरून रक्त ठिबकत होतं, आणि हा बाबा मला शून्य शिकवत होता!

नव्वदच्या दशकातली गोष्ट. बंगळुराजवळच्या बोम्मसंद्र्यातला पत्र्याच्या पार्टांचा कारखाना. आम्ही दहाबारा बाया प्रेसवर. पायानं पेडल दाबायचं, वरून ठोका पडतो, पत्रा कापला जातो. माझ्या प्रेसचा क्लच झिजलेला. एकदा दाबलं की कधी कधी ठोका दोनदा पडायचा. मी साहेबाला तोंडावर सांगितलं होतं. तो म्हणाला, "तुझं मन चंचल आहे. मशीनला नावं ठेवू नको."

साहेब पुण्याचा. सरकारी कंपनीतली इंजिनिअरची नोकरी सोडून मालक झालेला. कुठंतरी दहा दिवस मौन धरून बसून आला आणि तेव्हापासून रोज सकाळी आम्हाला फरशीवर बसवून डोळे मिटायला लावायचा. स्वतः खुर्चीवर. रविवारी इंदिरानगरच्या बंगल्यात करुणेवर इंग्रजीत भाषणं झोडायचा. कामावर घेताना माझं आडनाव ऐकून हसला होता. "अरे वा, बौद्ध! तुम्ही लोक तर आमच्या आधीच पोचलात." मला बरं वाटलं होतं. आग लागो त्या बरं वाटण्याला! चहा मात्र मला कान तुटलेल्या वेगळ्या कपात यायचा.

उजव्या हाताची दोन बोटं गेली. जखम भरत आल्यावर कामावर गेले, तर सकाळी डोळे मिटायच्या वेळी साहेबानं मला सगळ्या बायांसमोर उभं केलं. पट्टी बांधलेला हात मनगटाला धरून वर केला.

"हिच्याकडे बघा. हिनं दुःख पचवलं. सांग सगळ्यांना, मनात राग नाही म्हणून."

मग रत्नाक्काकडे वळला. "आजपासून तू त्या प्रेसवर."

रत्नाक्का पन्नाशीची, विधवा. पिढ्यान्‌पिढ्या बंगळुरात राहिलेली मराठी बाई. तिनं एवढंच विचारलं, "साहेब, क्लच बदलला का?"

"सरी, सरी, ठीक आहे. बघू पुढच्या महिन्यात."

माझं टाळकं सणकलं. माझ्या बापानं शिकवलेला बुद्ध असला नव्हता. बाप सांगायचा, दुःख आहे, दुःखाला कारण आहे, आणि ते कारण उपटता येतं. शून्य म्हणजे तुझं दुखणं खोटं, असं नव्हे पोरी. कुणी मालक म्हणून जन्मत नाही आणि कुणी महार म्हणून जन्मत नाही, ते शून्य. आणि हा हरामखोर त्याच शून्यात रत्नाक्काचा हात घालायला निघाला होता.

मी हात हिसडून सोडवला. म्हटलं, "राग आहे. पोटभर आहे."

बाकावरचा मोठा पाना डाव्या हातानं उचलला आणि त्याच प्रेसच्या स्विचवर घातला. परत घातला. ठिणग्या उडाल्या, बाया किंचाळल्या. साहेब आईमाईवरून शिव्या देत धावला. "माझी मशीन! बाहेर काढा त्या महारडीला! माझी मशीन फोडली!"

"माझी? आता कुठं गेलं तुमचं शून्य?"

त्यानं माझ्या कानाखाली जाळ काढला. डोळ्यांपुढं अंधारलं, पण मी पडले नाही. पाना सोडला नाही. म्हटलं, "या पुढं." तो आला नाही. त्याचं टाळकं फोडायला माझा हात शिवशिवत होता. नाही फोडलं. मला त्याचं डोकं नको होतं, तो प्रेस बंद हवा होता. आणि तो बंद पडला होता.

वॉचमननं मला गेटबाहेर लोटलं. वर म्हणतो कसा, "होगी अक्का, जा आता, स्वल्प शांत राहा."

शांत? स्विच रातोरात बदलता येतो, क्लच झिजलेलाच राहणार. दुसऱ्या दिवशी शिफ्टच्या आधी मी गेटवर हजर. पट्टी सोडून टाकली होती. आत जाणाऱ्या एकेका बाईपुढं ते थोटूक धरत होते. काही जणी तोंड फिरवून गेल्या. रत्नाक्का माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. साहेबाची गाडी आली, हॉर्न वाजवत राहिली. आम्ही बाजूला झालो नाही. मी काचेवर थाप मारून सांगितलं, "पोलीस आणा, गुंड आणा. माझी बोटं गेली, हिची जाऊ देणार नाही. क्लच बदलेपर्यंत इथून हलणार नाही."