बेरियमच्या कडेला ठोका

"पोरी, हे खडूचं पाणी तरी खाली उतरून राहिलं का?" मशीनच्या फळीला टेकून उभ्या असलेल्या मेश्रामकाकांनी विचारलं.

उतरत होतं, पण अडखळत. बेरियम म्हणजे पांढरं, दाट औषध. ते गिळताना एक्स-रेच्या स्क्रीनवर अन्ननलिकेचा आकार दिसतो. काकांच्या छातीत ते एका जागी दबून, बारीक धार होऊन जात होतं.

काका रेल्वेतून रिटायर झालेले, राहायला जवळच्या बीरगांवला. तीन महिने पोळी गळ्याखाली उतरत नव्हती. फिजिशियननं कॅन्सरचा संशय लिहिला होता. दुसऱ्या दिवशी एन्डोस्कोपी होती. तोंडातून दुर्बीण घालून गाठीचा तुकडा काढायचा होता.

राज्य नुकतंच वेगळं होऊन नवं झालं होतं, राजधानीतल्या शंकर नगरातलं आमचं तपासणी सेंटरही नवंच. मी तिथे एक्स-रे टेक्निशियन. आमचे रेडिओलॉजिस्ट सर फिल्म घेऊन सोनोग्राफीला गेले. मला आणखी एक फिल्म काढायची होती. स्क्रीनकडे बघताना वाटलं, बेरियम दबतं ती जागा हलतेय.

किरणांपासून वाचवणारा लेड एप्रन अंगात होताच. मी काकांचं मनगट धरलं. नाडीचा ठोका पडला, की बेरियमची कड आत जायची. प्रत्येक ठोक्याला.

"हात काहून धरला? मी घाबरून नाही राहिलो."

"नाडी पाहते काका."

मी सरांकडे जाऊन सांगितलं, की प्रत्येक ठोक्याला कड आत जाते.

"अन्ननलिका हृदयाला लागून असते," सर म्हणाले. "धडधड दिसणारच."

"सर, ते नुसतं हलत नाही. बाहेरून काहीतरी फुगतंय."

"रिपोर्ट तू लिहितेस की मी?"

माझे कान तापले. पण उद्या तिथलाच तुकडा काढणार होते.

"तुम्हीच लिहा सर. फक्त एक घोट स्क्रीनवर बघा."

सर चिडूनच आले. काकांनी घोट घेतला. सरांनी आणखी एक घोट घ्यायला लावला. मग तिथूनच फिजिशियनला फोन लावला, "उद्याची एन्डोस्कोपी थांबवा."

दुपारी सीटी स्कॅन झाला. हृदयातून निघणारी मोठी रक्तवाहिनी, महाधमनी, छातीत फुगली होती. सायकलच्या ट्यूबला फुगा येतो, तशी. याला एन्युरिझम म्हणतात. बहुतेकांना तो कळतही नाही. क्वचित तो शेजारची अन्ननलिका दाबतो आणि घास अडकतो. तिथे चिमटा लागला असता तर फुगा फुटला असता आणि रक्त थांबलं नसतं.

काकांच्या मुलानं विचारलं, "दीदी, कैंसर तो नहीं है ना?"

"नाही. पण साधंही नाही. नागपूरला न्यावं लागेल, लवकर."

ऑपरेशन मोठं होतं. काका पंधरा दिवस आयसीयूत होते. चार महिन्यांनी छातीचा एक्स-रे काढायला चालत आले. मी जेवणाचं विचारलं.

"हव, दोन पोळ्या खातो," ते म्हणाले. "सून तिसरी देत नाही."

सरांनी माझं कौतुक केलं नाही. पण त्यानंतर प्रत्येक बेरियम ते शेवटपर्यंत स्वतः उभं राहून बघायचे आणि मला विचारायचे, "तुला काय दिसतंय?"

टेक्निशियननं रिपोर्ट लिहू नये, हे बरोबरच आहे. पण दिसलेलं सांगावं. आणि ऐकलं नाही, तर आणखी एकदा सांगावं.