दोन फुटांचं पाऊल

चावीवाल्याचं लग्न जमलं ते एका गैरसमजामुळे, आणि तो गैरसमज दूर करण्याची तसदी त्यानं पुढे बत्तीस वर्षं घेतली नाही.

झालं असं, की रेल्वे फाटकाजवळ सायकलदुरुस्तीचं दुकान चालवणाऱ्या एका गृहस्थांना मुलीसाठी स्थळ हवं होतं. हा तरुण त्यांना रोज सकाळी रुळांवरून जाताना दिसे, दुपारी परत येताना दिसे, आणि दोन्ही वेळा मान खाली. फाटकापाशी कुणीही उभं असो, हा पठ्ठ्या वर बघेल तर शपथ. "नाकासमोर चालणारा मुलगा आहे," ते घरी जाऊन म्हणाले. "डोळा वर करून बघत नाही हो कुणाकडे!"

आता खाली बघण्याचाच त्याला पगार होता, त्याला तो बिचारा काय करणार? रूळ खालच्या आडव्या पट्ट्यांना, म्हणजे स्लीपरांना, जखडून ठेवणारी लोखंडी चावी असते. गाड्यांच्या हादऱ्यांनी ती ढिली होते. खांद्यावर हातोडा टाकून रोज आठ किलोमीटर चालायचं, ढिली चावी दिसली की ठोकून बसवायची आणि गाडी आली की बाजूला व्हायचं. मान वर झालीच तर गाडीसाठी, माणसासाठी नाही. "तुझ्या वडिलांनी सायकल तपासतात तसं मला तपासलं असतं, तर तू सुटली असतीस," असं तो बायकोला अधूनमधून म्हणायचा. तीही कधी 'नाही' म्हणाली नाही.

मानेचं एक वेळ ठीक होतं. खरा घोटाळा पायांचा होता. स्लीपर दोन-दोन फुटांवर असतात. एकेकावर पाय ठेवत चालावं तर पाऊल आखूड पडतं, एक सोडून एक म्हणावं तर पँट उसवते. चावीवाल्यानं दोन्ही करून पाहिलं, दोन पँटी उसवल्या आणि मग दोन फुटांवर समझोता केला. तो समझोता इतका पक्का झाला, की बाजारात, दवाखान्यात, स्वतःच्या लग्नातसुद्धा तो दोन फूट, दोन फूट असाच चालला, भराभर आणि न थांबता. फोटोवाल्याला नवराबायको एका फोटोत पकडता आले नाहीत. एका फोटोत नवरी आहे आणि कडेला त्याचं कोपर आहे.

तसं रेल्वेनं त्या गावात कुणाला सोडलं होतं? रूळ आले आणि नदीकाठचा बाजार उठून स्टेशनसमोर बसला. कारखाना आला, त्याचा भोंगा गाडीच्या वेळेवर वाजू लागला. घड्याळ असलेली माणसंही 'साडेनऊची गेली का?' असंच विचारत. कपाटातल्या कपबश्या खडखडू नयेत म्हणून घरोघरी त्यांच्याखाली फडकी घातलेली. गाडी होती म्हणून लोकांनी मुली दूर दिल्या. चावीवाल्यानंही एकुलती एक मुलगी दिली, सात तासांच्या अंतरावर. गाडी माणसांना घेऊन येते तशी घेऊनही जाते, हे त्याला बत्तीस वर्षं रूळ राखून कळलं नव्हतं. ते निवृत्तीनंतर सहा महिन्यांनी कळलं.

बायकोच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, रोज चालवायचं, रोज थोडं जास्त, आणि सोबतीशिवाय अजिबात नाही. मुलगी पंधरा दिवस राहिली, आणि निघताना चपला घालत म्हणाली, "बाबा, मी महिन्यानं येते. आई दवाखान्यापर्यंत चालत जाऊन परत आली, तर इथं राहू दे. नाही जमलं तर मी तिला घेऊन जाणार. कायमची."

"जमेल की," चावीवाला म्हणाला. "चालण्यात तर माझा जन्म गेला."

"तुमचा गेला हो. तिच्याबरोबर कधी चाललात?"



पहिल्या दिवशी दोघं निघाले. चावीवाल्याच्या पोटात एक वाक्य होतं, चार दिवस जुळवलेलं. असली वाक्यं बोलायची सवय नसल्यामुळे त्यानं वेळ चालतानाची निवडली, म्हणजे तोंडाकडे बघावं लागत नाही. मान खाली घालून तो म्हणाला, "हे बघ, तू गेलीस तर मला करमायचं नाही. मी सांगत नाही कधी, पण तसं आहे."

"मी कुठं चाललोय काका? इथंच आहे," बाजूनं जाड आवाज आला.

चावीवाल्यानं शेजारी पाहिलं. तपकिरी बूट. बुटांच्या वर पोस्टमन. पत्रांची पिशवी छातीशी धरून तो अत्यंत सहानुभूतीनं उभा होता. आणि बायको? बायको पार मागे, शिंप्याच्या पायरीवर गुडघा धरून बसली होती.

दुसऱ्या दिवशी त्यानं तिचा हात धरला. हात पुढे गेला, बायको मागे राहिली, आणि शिंप्यानं सावरली नसती तर दुसराही गुडघा कामाला लागला असता. तिसऱ्या दिवशी तो मनात आकडे मोजत चालला आणि आकड्यांसकट पुढे निघून गेला. चौथ्या दिवशी ती म्हणाली, "राहू द्या हो. जित्याची खोड आहे. मी जाते पोरीकडे, तुम्ही सुखानं चाला." ती हसून म्हणाली. ज्या पायांच्या जोरावर त्यानं संसार केला, त्याच पायांनी तो संसार मोडायला काढला होता.

डोकं फिरलं म्हणून तो एकटाच गल्लीतून येरझारा घालू लागला. शाळेच्या फाटकासमोर आला, तशी पावलं आपोआप आखूड झाली. पुढे गेल्यावर पुन्हा लांब झाली. तो मागे फिरला, पुन्हा तेच. खाली पाहिलं (खाली बघण्यात त्याचा हात कोण धरणार!), तर तिथं फूटभर रुंदीच्या फरश्या होत्या. त्याचे पाय प्रत्येक फटीवर टेकत होते. बायकोचं ऐकत नव्हते, त्याचं ऐकत नव्हते, पण आडव्या रेघेचं निमूटपणे ऐकत होते.

तो धावतच घरी आला, मोजपट्टी काढली आणि बायकोला चार पावलं चालायला लावून तिच्यासमोर गुडघे टेकून बसला.

"बत्तीस वर्षांनी पायाशी आलात," ती म्हणाली.

"हलू नकोस. एक फूट दोन इंच."

शाळेतल्या बाईंकडून खडूंचा खोका आणून त्यानं दारापासून दवाखान्यापर्यंत रेघा आखल्या, चौदा इंचांवर एक. गल्लीला वाटलं, चावीवाला कामातून गेला. पोरींनी त्यावर उड्या मारायचे खेळ सुरू केले. झाडूवाली शिव्या देई आणि तेवढा पट्टा सोडून झाडी. पण दुसऱ्या दिवशी नवराबायको जोडीनं निघाले, रेघेवर पाय, पुढच्या रेघेवर पाय, आणि आयुष्यात पहिल्यांदा शिंप्याच्या दुकानासमोरून एकाच वेळी गेले. शिंपी मशीन थांबवून उभा राहिला. दहा दिवसांत ती शाळेपर्यंत पोचली, वीस दिवसांत दवाखान्यापर्यंत. चावीवाला रोज पहाटे पुसट रेघा पुन्हा गडद करायचा. इतकं मन लावून त्यानं रुळांचंही काम केलं नव्हतं.

महिन्यानं मुलगी आली. हातात एक रिकामी बॅग होती, आईच्या कपड्यांसाठी. बॅग तिनं दाराशी ठेवली, चावीवाल्याला ती दिवसभर दिसत राहिली. संध्याकाळी तिघं निघाले. मुलगी आईच्या डाव्या हाताला, चावीवाला उजव्या हाताला. त्यानं मान खाली घातली आणि रेघा धरल्या. एकही चुकवायची नाही, आज परीक्षा आहे. मायलेकींच्या गप्पा चालल्या होत्या. मग त्या जरा हळू ऐकू येऊ लागल्या. मग ऐकूच येईनात.

त्यानं वर पाहिलं. बायको पार पुढे होती. गुडघा कधीच मोकळा झाला होता, पाऊल चौदा इंचांच्या केव्हाच पुढे गेलं होतं, आणि हे त्याच्या लक्षात आलं नव्हतं, कारण तो रेघा बघत होता. आता तो एकटाच गल्लीच्या मधोमध कोंबडीसारखी पावलं टाकत होता. पाय दोन फुटांना तयार होईनात, आणि हाक मारायची सवय नव्हती.

तेवढ्यात बायकोनं वळून पाहिलं. ती थांबली. मुलीच्या हातातून हात सोडवून घेतला आणि त्याची वाट बघत उभी राहिली. बत्तीस वर्षांत तो तिच्यासाठी एकदाही असा थांबला नव्हता, हे त्याला भर रस्त्यात आठवलं आणि त्याचे डोळे भरून आले.

"आई, तू कशी येणार गं माझ्याकडे?" मुलगी हसायला लागली. "सोबत तर बाबांनाच लागते!"

चावीवाला एकेक रेघ मोजत जवळ आला. या वेळी त्यानं आधी तोंडाकडे पाहिलं. काहीतरी बोलायला हवं होतं, पण वाक्य पुन्हा जुळेना.

"सावकाश या," बायको म्हणाली. "मी कुठं चाललेय? इथंच आहे." मग थोडं थांबून म्हणाली, "पोस्टमननं त्याच दिवशी येऊन सांगितलं होतं मला."