भट्टीपुढची प्रार्थना

यंदा आम्ही पहिल्यांदाच हळद लावली, आणि ती काढायच्या ऐन वेळी माझे धनी दुचाकीवरून पडून पाय मोडून बसले. त्यामुळे हळद शिजवणारी टोळी शेतात आली तेव्हा मालकीण म्हणून उभं राहायची पाळी माझ्यावर आली. कुरुंद्याच्या आमच्या शिवारात ख्रिस्ती घर आमचं एकटंच. शेजारपाजार मायेचा आहे, तरी देवाचा विषय निघाला की मी दबून असते. एरवी भांडायला मला कुणी शिकवायला नको, पण या एका बाबतीत तोंडातून शब्द फुटत नाही.

मुकादमाने बॉयलर लावला, पाणी भरलं आणि माझ्या हातात नारळ दिला. "ताई, फोडा. मालकानं फोडल्याबिगर आमी भट्टी पेटवत न्हाई." हा रिवाज मला ठाऊकच नव्हता. वर आभाळ भरलेलं, खाली काढलेल्या कंदांचा ढीग उघड्यावर. टोळी रागावून निघून गेली तर सगळी मेहनत मातीत जाणार होती. मनात आलं, फोडून टाक, धनी तरी कुठे बघायला येतायत!

त्याच आठवड्यात त्यांच्या बाजेशेजारी बसून मी दानीएल संदेष्ट्याची गोष्ट वाचली होती. राजाखेरीज कुणाकडे, देवाकडेही, काही मागायचं नाही असा हुकूम निघाला, तरी तो घरी गेला आणि रोजच्यासारखा उघड्या खिडकीशी गुडघे टेकून बसला. त्यापायी त्याला सिंहांच्या गुहेत टाकलं आणि देवाने वाचवलं. सगळ्यांना ते सिंह आठवतात, मला ती खिडकी आठवते. लावून घेतली असती तर कुणाला कळलं असतं? आणि एवढं सोसूनही राजाबद्दल त्याच्या तोंडून वाकडा शब्द निघाला नाही. मला तर तेच जास्त अवघड वाटतं.

मी नारळ दोन्ही हातांनी परत दिला. "भाऊ, राग मानू नका. आमी येशूला मानतो. हे माझ्याच्यानं होणार न्हाई. पण चालत असंल तर इथंच, सगळ्यांसमोर प्रार्थना करते." मुकादम नारळ हातात धरून बॉयलरकडे बघत उभा राहिला. दिवसभर आग आणि वाफेजवळ वावरणारी माणसं ती, त्यांची भीती काही खोटी नव्हती.

तेवढ्यात टोळीत कंद भरायला आलेली तांड्यावरची एक म्हातारी पुढे झाली. तिची माझी ओळखदेख नाही. मुकादमाला म्हणाली, "तिला तिच्या देवाचं करू दे ना. आपला नारळ आपून फोडू. काहून उगं उभा राहून राहिला?"

मुकादम हसला. त्याने नारळ फोडला आणि मला म्हणाला, "करा ताई. पण मोठ्यानं करा, आमालाबी ऐकू येऊ द्या."

पाठ असलेली सगळी वाक्यं पळून गेली. मग सुचेल ते मागितलं: कुणाचा हात भाजू नये, कंद भरणाऱ्या या मावशीचे गुडघे दुखू नयेत, पाऊस येऊ नये, धन्यांचा पाय जुळावा. डोळे उघडले तर भट्टी पेटलेली! "तुमचं संपंना, मंग म्हटलं पेटवावी," मुकादम म्हणाला, आणि सगळ्यांबरोबर मीही पोट धरून हसले.

चार थेंब पडले आणि ढग पुढे सरकले. त्याला काय म्हणायचं ते ज्याचं त्याने ठरवावं. ती म्हातारी मात्र माझ्यासाठी देवानेच उभी केली होती, हे मला कुणी सांगायला नको. शूर झाल्यावर देवाचं नाव घेऊ असं मी आजवर धरून बसले होते. देवाने मला भित्रीच ठेवलं आणि तशीच चालवून घेतलं. त्याचे उपकार कुठे फेडू?

संध्याकाळी पिवळीधमक हळद पसरून झाली, टोळी ट्रॉलीत चढली. म्हातारी मात्र माझ्यापाशी आली. "लेकी, उद्या दुसऱ्या गावाला भट्टी हाय. तिथं तू नसशील," ती म्हणाली आणि माझा हात धरला. "उद्याचंबी आत्ताच म्हणून ठेव."