अप्पांनी पुजलेला क्लस्टर

माझा क्लस्टर अप्पांनी धुतला. ओल्या फडक्याने, आणि वर झेंडूची माळ घालून.

क्लस्टर म्हणजे कंप्युटरांचं एकत्र कुटुंब. कामं डब्यांत भरून द्यायची. एक कंप्युटर आडवा झाला की त्याचे डबे बाकीचे आपणहून उचलतात. (आमच्या कुटुंबात असं कधी घडलेलं नाही. म्हणूनच मला त्याचं अप्रूप!) नोकरी जाऊन बरेच महिने झाले होते. शेजारी "वर्क फ्रॉम होम का?" विचारायचे आणि माझ्या वतीने आई "हो" म्हणायची. अशात पुण्याच्या एका कंपनीने घरीच क्लस्टर उभारून दाखवायला सांगितलं. मी कमरीपेठेच्या बाजारातून तीन जुने कंप्युटर आणले आणि उणकलच्या आमच्या घरात तीन खोल्यांत मांडले. वीज, उकाडा, उंदीर, सगळ्याचा विचार केला होता. कॅलेंडरचा तेवढा राहिला.

परीक्षा आली नेमकी नवमीला. पुण्याच्या साहेबांना सुट्टी नव्हती, आमच्याकडे आयुधपूजा. अप्पांनी, म्हणजे वडिलांनी, जन्मभर बेलूरच्या कारखान्यात लेथ चालवला. नवमीला यंत्र बंद करायचं, पुसायचं, पुजायचं आणि दसरा उजाडेपर्यंत चालवायचं नाही, हा त्यांचा नेम.

मी लॅपटॉपवर साहेबांशी बोलत होतो. दोघांच्याही पडद्यावर तीन कंप्युटरांचे तीन हिरवे ठिपके. त्यातला एक अचानक लाल झाला.

"एक मुद्दाम बंद केलात का?" साहेबांनी विचारलं.

"हो सर." डबे मात्र मुकाट्याने उरलेल्या दोघांवर गेले. साहेब खूश झाले.

माईक बंद करून मी थोरल्या बहिणीला हाक मारली. "अक्का, हॉलमधला कुणी बंद केला?"

"अप्पांनी. आता देवाजवळचा घेतलाय. मी बादली धरलीय, ओरडायलास कशाला?"

दुसरा ठिपका लाल. तिघांतले दोघे गेले की उरलेला एकटा कसलाच निर्णय घेत नाही, नुसता बसून राहतो. मीही तसाच बसलो.

"हेही मुद्दाम?"

"हो सर."

तिसरा माझ्या टेबलाखाली होता. अप्पा फडकं पिळत दारात आले.

"अप्पा, आज नको. नोकरीचा प्रश्न आहे."

"म्हणून तर करायलोय. पूजा न करता कुणी मशीन चालवतं का? बाजूला सरक बघू. आयतु, झालंच."

त्यांनी प्लग काढला. मग त्यांची नजर लॅपटॉपवर गेली. "हे पण तुझं आयुधच की," म्हणत त्यांनी बोटभर कुंकू वरच्या कडेला बरोबर मधोमध लावलं. कॅमेरा तिथेच असतो.

"मला सगळं लाल दिसतंय," साहेब म्हणाले.

"मलाही, सर."

आता लपवण्यासारखं काही उरलंच नव्हतं. रडवेल्या आवाजात मी सगळं सांगून टाकलं.

"न सांगता यंत्रणा बंद पाडून तपासणारा माणूस आम्ही कधीपासून शोधतोय," साहेब म्हणाले. "वडिलांना विचाराल?"

विचारलं. अप्पांनी आधी नवमीची सुट्टी असते का ते पाहिलं, आणि नसते म्हटल्यावर साफ नकार दिला.

एक बाजूला झाला की त्याचं काम दुसऱ्यावर जातं. तेव्हापासून ती नोकरी मी करतोय.